पुसलेले सहा ट्रॅक

फोन आला तेव्हा माझ्या हातात मायक्रोमीटर होता. स्टीलचा पत्रा, जाडी शून्य पॉइंट आठ हवी, भरली शून्य पॉइंट सात नऊ. फोनवर ताईचं नाव दिसत होतं. सकाळी सव्वानऊला ताई कधीच फोन करत नाही, त्यामुळे काय ऐकायला मिळणार ते उचलण्याआधीच कळलं होतं. तरी मी आधी आकडा वहीत लिहिला आणि मग फोन घेतला. "सुहास, गेले रे..." एवढंच ती म्हणाली. आज त्याला सेहेचाळीस दिवस झाले. गेले ते माझे भावोजी, हरेश्वर, थोरल्या बहिणीचे यजमान. वय एकसष्ट. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत अशी रीत आहे, आणि ते मी लिहिणारच आहे. पण मी लिहायला बसलोय ते वेगळ्या कारणासाठी. त्यांच्या माघारी त्यांच्या नावावर एक चूक चढली. ती चूक माझी होती. चढली तेव्हा मी समोर बसलो होतो आणि गप्प राहिलो. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कारखान्यात एकच पत्रा तीन-तीनदा मोजतोय.

भावोजी भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यातले. पंचवीस वर्षं खाडीत आणि खाडीच्या तोंडाशी होडी चालवली. पुढे पाणी बिघडलं, मासळी कमी झाली, होडी विकली आणि बर्फाच्या कारखान्यात लागले. गुडघे गेल्यावर तेही सुटलं. मी पूर्वेला केबिन रोडच्या मागे राहतो. माझ्या दारापासून ताईच्या दारापर्यंत, पूल ओलांडून, बेताच्या चालीनं चोवीस मिनिटं लागतात. दर रविवारी जेवण झालं की मी निघायचो. पूर्वी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसून काहीच बोलायचो नाही. ते खिडकीतून बाहेर बघायचे, मी घड्याळाकडे. मग माझी भाची प्राजक्ता नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि जाताना तिचं खेळाचं यंत्र टीव्हीला जोडलेलंच सोडून गेली. "पप्पा, तुमचा वेळ जाईल," म्हणाली. त्यात एक शर्यतीचा खेळ होता. छोट्या छोट्या गाड्या, त्यात बसलेले अस्वल, ससा, बेडूक असले चालक, आणि एकापेक्षा एक विचित्र रस्ते. मुळात वीस ट्रॅक होते. शिवाय प्राजक्तानं पुढे येणारे तीस नवे ट्रॅक एकदमच घेऊन ठेवले होते. ते एका वेळी यायचे नाहीत. चार-पाच महिन्यांनी सहा, मग आणखी सहा, असे पाच वेळा इंटरनेटवरून उतरायचे. भावोजींनी त्याला नाव दिलं, खेप. पहिली खेप आली, दुसरी खेप आली. उतरताना पडद्यावर एक पट्टी भरत जाते, तिच्याकडे ते भरतीचं पाणी चढताना बघावं तसे बघत बसायचे. "अडलं बघ सत्तरावर. चढंल. घाई केली म्हनून भरती लवकर येत न्हाय."

त्यांची चालवायची पद्धत मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. नवा ट्रॅक आला की बाकीच्या गाड्या सुटायच्या आणि भावोजी शांतपणे आपली गाडी उलटी वळवायचे. पूर्ण फेरी उलट्या दिशेनं. त्या खेळात चुकीच्या दिशेला गेलं की एक घुबड पाटी घेऊन समोर येतं आणि मागे फिर म्हणून खुणावत राहतं. भावोजी त्याला हवालदार म्हणायचे. "आला बघ हवालदार. चल बाजूला हो रं, आम्ही गाववाले हाव." पहिल्यांदा मला वाटलं, यांना बटणं कळली नाहीत. कारखान्यात मी मापं तपासतो म्हणून ते मला इन्स्पेक्टर म्हणायचे. मी समजवायला गेलो तर म्हणाले, "इन्स्पेक्टर, जाताना वाट कोनालापन दिसते. येताना दिसली तर ती खरी." मग त्यांनी सांगितलं की वडिलांनी त्यांना खाडी अशीच शिकवली. जाताना मागे तोंड करून बसवायचे. वसईच्या किल्ल्याचा कुठला बुरूज कुठल्या ताडाच्या रेषेत आला की वाळूचा दांडा संपतो, हे मागे बघत लक्षात ठेवायचं, कारण परत येताना तेच समोर असणार, होडी जड असणार, पाणी उतरत असणार आणि अंगात त्राण नसणार. जाताना चूक झाली तर चालते, येताना झालेली चालत नाही. हे सगळं ते ससा आणि बेडूक शर्यत लावत असताना मला सांगत होते, आणि त्यांच्या गाडीत अस्वल बसलेलं होतं.

मी वेळा लिहायचो. ती माझी खोड आहे, त्याबद्दल लहानपणापासून कमी ऐकून घेतलेलं नाही. प्रत्येक ट्रॅकला एक पान, डावीकडे ते, उजवीकडे मी. बर्फाच्या डोंगराचा जो ट्रॅक होता त्यात माझी सर्वांत चांगली वेळ दोन मिनिटं चार सेकंद. भावोजींची पहिली फेरी उलटी असल्यामुळे पहिल्या शर्यतीत ते कायम शेवटचे, बारावे. दुसऱ्या शर्यतीत सातवे-आठवे. तिसऱ्यात त्यांनी एक मिनिट अठ्ठावन्न केले. कारण धबधब्यामागे एक आडवाट होती, ती सरळ येणाऱ्याला दिसतच नाही. उलट बाजूनं येणाऱ्याला ती उघडी दिसते. मी चिडलो की ते खूश व्हायचे. "लिही, लिही. नीट लिही. एक अठ्ठावन. खाडाखोड नको." ताई स्वयंपाकघरातून म्हणायची, "दोन म्हातारे आनि बाहुल्यांच्या गाड्या! शेजारीन विचारते, घरात कोनाची पोरं आलीत? मी सांगते, माझीच हायत." भावोजी तिकडे न बघता म्हणायचे, "तिला सांग, थोरला हुशार हाय, धाकटा नुसता हिशेब करतो."

दुसरी खेप आली तेव्हा आमचं भांडण झालं. रविवारी आम्ही उघडायचं ठरलं होतं आणि त्यांनी शुक्रवारीच उघडली. मला ते त्यांच्या तिसऱ्या वळणावर कळलं. ज्या ट्रॅकवर कधी गेला नाही तिथे माणूस इतक्या सहज उजवीकडे वळत नाही. मी वही मिटली. म्हटलं, ही नोंद धरता येणार नाही. ते हसत होते, मी हसत नव्हतो. शेवटी मीच नियम केला: नवी खेप दोघं हजर असल्याशिवाय उघडायची नाही. आमच्या कारखान्यात बाहेरून आलेला माल असाच उघडतात, एक आमचा माणूस आणि एक त्यांचा. भावोजींनी थट्टा केली, पण त्यानंतर नियम कधी मोडला नाही. तिसऱ्या खेपेला मला टायफॉइड झाला होता. सहा ट्रॅक येऊन पडले होते आणि त्या माणसानं साडेतीन आठवडे त्यांना हात लावला नाही. ताई सांगायची, रोज टीव्ही लावून नुसती त्यांची नावं वाचत बसतात... मी बरा होऊन गेलो तेव्हा म्हणाले, "आलास? मना वाटलं, आता तुझा फोटो समोर ठेवून उघडायची पाळी येते का काय."

शेवटच्या खेपेची वाट आम्ही सगळ्यांत जास्त पाहिली. चोवीस ट्रॅक झाले होते, सहा राहिले होते. त्या दिवसांत एका दुपारी त्यांना जिना चढताना धाप लागली आणि छातीत दुखलं. काशीमीऱ्याजवळच्या एका रुग्णालयात ठेवलं. खिडकीखालून हायवेचे ट्रक जात, पलंगाची लोखंडी दांडी थरथरायची. हृदयाचं काम बरंच कमी झालंय, असं डॉक्टर म्हणाले. नेमका आकडा मी विचारला, त्यांनी सांगितला, तो मी इथे लिहीत नाही. सहा आठवडे पूर्ण विश्रांती, दगदग नको, उत्तेजित होणं नको. तिसऱ्या दिवशी ताईनं मला चष्मा आणि कपडे आणायला घरी पाठवलं. टीव्हीवर कपडा टाकलेला होता. का कोण जाणे, मी यंत्र सुरू केलं. शेवटची खेप आली होती. सहाच्या सहा, पूर्ण उतरलेली.

मी परत गेलो तेव्हा त्यांनी चष्मा घातला आणि पहिला प्रश्न केला, "आली का?"

"नाही अजून," मी म्हणालो. "तारीख पुढे गेलीय. पुढच्या महिन्यात."

तीस वर्षं मी मापं तपासतोय. शून्य पॉइंट सात नऊला आठ लिहिलेलं नाही, मालकानं सांगितलं तेव्हाही नाही. आणि तिथे ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मलाच दचकायला झालं. मनात माझा हिशेब असा होता: सहा आठवडे काढायचेत, आता उघडली तर हा माणूस दुपारभर बसणार, हरला की पुन्हा लावणार, आणि सहा ट्रॅक आठवड्यात संपणार. पुढे काहीतरी राहिलं असेल तर माणूस त्याच्यासाठी बरा होतो. मी अगदी हा शब्द वापरला होता मनात, राखीव. सहा ट्रॅक राखीव. भावोजींनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "बरं," म्हणाले. "नसंल आली."

पण घरी आल्यावर ते यंत्र लावणार आणि त्यांना दिसणार, हे उघड होतं. म्हणून त्यांना सोडायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा ताईच्या घरी गेलो आणि ते सहाही ट्रॅक पुसून टाकले. नवं आपोआप उतरायची आणि तशी सूचना द्यायची सोय असते, तीही बंद केली. कधीही परत उतरवता येतात, हे मला माहीत होतं. चार बटणं दाबावी लागली. पुसू का, असं दोनदा विचारतं, दोन्ही वेळा मी हो म्हणालो.

ते नऊ दिवस घरी होते. त्या नऊ दिवसांत मी दोनदा गेलो. एकदा झोपले होते. दुसऱ्यांदा उशीला टेकून जुना एक ट्रॅक चालवत होते, उलटा, हळूहळू, शर्यत केव्हाच संपली होती तरी. मला म्हणाले, "बंदराला होडी लागली का वास येतो रं. बघावं लागत न्हाय." मी म्हटलं, "कसली होडी?" ते म्हणाले, "काय न्हाय. बस." त्या बोलण्याचा अर्थ मी सेहेचाळीस दिवस लावतोय. दहाव्या दिवशी पुन्हा रुग्णालयात न्यावं लागलं, आणि तिसऱ्या सकाळी, मी पत्रा मोजत असताना, ते गेले.

तेराव्याला घर भरलेलं होतं. जेवणं झाल्यावर जवळची आठ-दहा माणसं उरली. प्राजक्तानं रडून रडून डोळे सुजवून घेतले होते. तिला काहीतरी करायला हवं होतं म्हणून तिनं यंत्र सुरू केलं. जरा वेळानं माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, शेवटचा पॅक कुठे गेला? इथे उतरल्याचा मेसेज मला फोनवर आला होता. मला वाटलं पप्पा खेळतायत, म्हणून मी काही विचारलंच नाही. हा तर कोणीतरी पुसलाय."

मी तोंड उघडणार, एवढ्यात ताई म्हणाली, "त्यांनीच कायतरी दाबलं असंल. बोटं बघितलीस का त्यांची? दोराने जाड झालेली. एका वेळी दोन-दोन बटनं दाबली जायची." सगळे हसले. तेरा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं होतं. एक चुलतभाऊ म्हणाला, "घ्या! एवढी वाट बघितली आनि स्वतःच्या हाताने बुडवली." प्राजक्ता हसता हसता रडायला लागली, "पप्पा पण ना..." मला चहा दिला होता, तो मी प्यायलो. हसणारी माणसं थांबवायचा धीर झाला नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. मला माझ्यापुरती भीती वाटली. ताईचं दार मला बंद होईल, याची. आई-वडील गेल्यानंतर माझं माणूस म्हणून तीच उरली आहे.

मग गोष्ट पसरत गेली. भाजीवाली म्हणाली, तुमच्या भावोजींनी म्हणे गेम डिलीट केला. कोळीवाड्यात एकानं मला हात धरून थांबवलं आणि तोच किस्सा मलाच सांगितला. ज्या माणसानं साडेतीन आठवडे न उघडलेल्या खेपेला हात लावला नाही, तो आता जाड बोटांनी सगळं घालवणारा म्हणून आठवला जात होता, आणि प्रेमानं आठवला जात होता, हे जास्त वाईट. मी ओळीनं तीन रविवार ठरवून गेलो. चोवीस मिनिटं वाक्यं जुळवत जायचो. तिथे पोचल्यावर पाणी प्यायचो, इकडचं तिकडचं बोलायचो, बूट घालायचो. तिसऱ्या रविवारी ताई म्हणाली, "तुला काय झालंय? घडीभर टेकत न्हायस."

चौथ्या रविवारी सांगितलं. ती जमिनीवर बसून सुपात सुकट निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं बोललो: केव्हा पाहिलं, काय म्हणालो, केव्हा पुसलं, का. ती निवडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "नऊ दिवस घरी होते ते. मोजलेस?"

"हो."

"तू मोजनारच." तिनं सूप एकदा पाखडलं. "रोज दुपारी मना विचारायचे, बघ गो, आली का. मी ते लावायचे, बघायचे आनि न्हाय म्हनायचे. नऊ येळा. मी त्यांच्याशी खोटं बोलले, सुहास, आनि मना म्हाईत पन न्हाय."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "ताई, आत्ता उतरवतो. दोन तासांत सगळे येतील."

"कोनासाठी?" ती म्हणाली. "दोघं असल्याशिवाय उघडायची न्हाय, असं तूच ठरवलंवतंस ना? मग?" नियम माझाच होता. मग तिनं फोन माझ्याकडे सरकवला. "पोरीला सांग. मी न्हाय सांगनार." मी तिथेच बसून प्राजक्ताला फोन लावला. सगळं सांगितलं. लाइन चालू आहे ना म्हणून मी दोनदा फोन कानापासून दूर करून पाहिला. मग तिनं एकच विचारलं, "मामा, पप्पांना कळलं होतं?" मी म्हणालो, माहीत नाही. या उत्तरापलीकडे मी आजही गेलेलो नाही. "नसंल आली" हे त्यांनी मानलं होतं, की मला सोडून दिलं होतं? हे मोजायचं कुठलंच साधन माझ्याकडे नाही.

फोन ठेवल्यावर ताई उठली आणि तिनं टीव्ही लावला. मला कळेना. म्हणाली, या वेळेला रोज लावते. खेळत नाही. तसंच सोडून दिलं की यंत्र स्वतःच गाड्या पळवून दाखवतं, एकामागून एक ट्रॅक. तिचं काम होईपर्यंत घरात तो आवाज राहतो. तिला तोच हवा असतो. पण तेराव्याला प्राजक्तानं सूचना परत चालू केल्यापासून आधी एक चौकोन येतो आणि इंग्रजीत काहीतरी विचारतो. तेराव्यानंतर निघताना प्राजक्तानं सांगून ठेवलं होतं, आई, काही विचारलं तर उजवीकडचं दाब. ताई महिनाभर रोज न चुकता उजवीकडचं दाबत होती.

"काय विचारतं ते?" तिनं विचारलं.

मी वाचून सांगितलं. तुमच्या नावावर सहा ट्रॅक आहेत, ते या यंत्रावर नाहीत. डावीकडे, आता उतरवा. उजवीकडे, नंतर.

ती पडद्याकडे बघत राहिली. सुपातली सुकट तशीच होती. मग तिनं भावोजींचा रिमोट, ती त्याला रिमोटच म्हणते, पदराला पुसला आणि माझ्या हातात दिला. "आता म्हाईत झाल्यावर माझ्याच्याने दाबवनार न्हाय. तू दाब."

कुठलं, हे तिनं सांगितलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं, ती पुन्हा सुपाशी बसून, खाली बघत खडे वेचत होती. रिमोटवर अंगठ्याच्या जागी रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, माझ्या अंगठ्याला ती जागा मोठी होत होती. चौकोन तसाच उभा होता. मी किती वेळ थांबलो ते मोजलं नाही... मग उजवीकडचं दाबलं.

"हां," ताई म्हणाली. "रविवारी येशील तेव्हा तूच दाबायचं. बाकीचे दिवस मी बंद ठेवीन."